कौलाची कुळकथा

जो ग्रंथ एका संपादकाच्या नावाने प्रसिद्ध होतो त्याच्या अंतरंगातही मतभेद असतातच; परंतु ते छापखान्यात जाण्यापूर्वी मिटवलेले असतात, आणि मिटवण्याचा अधिकार कोणाचा होता हे मुखपृष्ठावरच नमूद असल्यामुळे वाचकाला त्याविषयी अधिक चौकशी करण्याचे प्रयोजन उरत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले, तेव्हा त्यांच्याबरोबर अनेक साहाय्यक राबत होते. तरी एखाद्या नोंदीत कोणते विधान राहावे आणि कोणते गळावे ह्याचा निवाडा अखेरीस केतकरांच्या मेजावर होत असे. पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुखत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला, तोवर एका व्यक्तीच्या जागी मंडळ आले होते, विषयवार तज्ज्ञ आले होते, तपासणीच्या पायऱ्याही वाढल्या होत्या. मात्र वाद आत व्हायचा आणि वाचकाच्या हाती केवळ त्याचा निकाल पडायचा, ही जुनी वहिवाट तशीच राहिली.

ती वहिवाट मोडण्यास वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचा एक साधा प्रयोग कारण झाला. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आपले अनुभव परस्परांना सांगावेत ह्या हेतूने त्याने २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ हे संकेतस्थळ सर्वांस खुले केले, आणि तेथील कोणतेही पान कोणाही वाचकास तत्क्षणी दुरुस्त करता यावे अशी व्यवस्था केली. ह्या व्यवस्थेत पानाला धनी नव्हता. म्हणूनच परस्परविरुद्ध वाक्ये लिहू इच्छिणारे दोघे एकाच ओळीवर येऊन ठाकले, तर राहावे कोणाचे वाक्य, हा प्रश्न प्रथमच उघड्यावर, सर्वांच्या देखत उभा राहिला. अशा वेळी मनुष्यास सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे हात वर करून मते मोजणे. हा उपाय सामायिक लेखनात कसा स्वीकारला गेला, त्याचा पश्चात्ताप कसा झाला, आणि तो टाकून न देता त्याला निराळे रूप कसे देण्यात आले, ह्याचा वृत्तान्त फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक लोकशाहीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा इतका तो मोलाचा आहे.

आंतरजालावरील मंडळींना मतदान नवे नव्हते. ‘यूजनेट’ नावाच्या जुन्या चर्चाव्यवस्थेत नवा गट स्थापायचा असेल तर प्रथम प्रस्ताव जाहीर होई, मग मुदत देऊन ई-टपालाने मते मागवली जात, आणि विरोधी मतांपेक्षा अनुकूल मते किमान १०० ने अधिक व एकूण मतांच्या दोन तृतीयांश भरली तरच गट अस्तित्वात येई. १९९५ साली ‘अपाचे’ ह्या सेवा-आज्ञावलीभोवती जमलेल्या गटाने ह्याहून सूक्ष्म रीत पाडली. एखादा बदल पसंत असेल तर सभासद पत्रात अधिक एक असे लिही आणि नापसंत असेल तर उणे एक. पण आज्ञावलीतील बदलाविरुद्ध पडलेले एकच उणे तो बदल रोखण्यास पुरेसे मानले जाई, आणि त्याचबरोबर त्या विरोधाचे तांत्रिक कारण लिहिणे बंधनकारक असे. कारण नसलेला विरोध रद्दबातल. एका सभासदाला सर्वांस थांबवण्याचा अधिकार द्यावयाचा आणि त्याच क्षणी त्याच्यावर खुलाशाचे ओझेही टाकावयाचे, ह्या योजनेतील शहाणपण मला थोर वाटते.

सामायिक लेखनातील कौलाचा तिसरा पूर्वज अधिक विलक्षण आहे. आंतरजालाचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या कार्यदलात मतमोजणी मुळी मान्यच नाही. १९९२ साली डेव्हिड क्लार्क ह्यांनी तेथे राजे, अध्यक्ष आणि मतदान ह्या तिहींचा स्पष्ट शब्दांत अव्हेर केला आणि ढोबळ सहमतीचा पुरस्कार केला. सभेचा कल पाहायचा असेल तेव्हा अध्यक्ष अनुकूल सभासदांस ओठ मिटून गुंजारव करण्यास सांगतो, नंतर प्रतिकूलांस, आणि दोहोंच्या जोरावरून वादाची स्थिती अजमावतो. गुंजारवाला संख्या नसते, आणि तीच त्याची उपयुक्तता. पीट रेझनिक ह्यांनी २०१४ साली ह्या प्रथेचे विवरण करणारा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात शंभर प्रतिकूल आणि पाच अनुकूल असतानाही ढोबळ सहमती असू शकते असे प्रतिपादन आहे. शंभरांच्या आक्षेपांची दखल घेऊन त्यांचे समाधानकारक उत्तर दिले गेले असेल, आणि तेच आक्षेप केवळ नव्या तोंडांनी पुन्हा उच्चारले जात असतील, तर तोंडांची संख्या वाढल्याने आक्षेपाचे वजन वाढत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रथमदर्शनी हे विधान उद्धट भासते. परंतु कोणत्याही सभेत पढवून आणलेली गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला त्यातील तथ्य नाकारता येणार नाही.

हा वारसा घेऊन विकिपीडिया जन्मास आला. त्यापूर्वी मार्च २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ह्यांनी ‘न्यूपीडिया’ नावाचा विद्वत्तापूर्ण कोश काढला होता, त्यात प्रत्येक लेख परीक्षणाच्या सात पायऱ्या चढून यावा असा दंडक होता, आणि परिणामी तो कोश बंद पडेपर्यंत पूर्ण झालेल्या लेखांची संख्या पंचविसाच्या आसपासच राहिली. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि वर्षअखेर तेथे सुमारे २०,००० लेख उभे राहिले. इतक्या वेगाने वाढणाऱ्या वस्तीला कायदा नव्हता. तेव्हा सँगर ह्यांनी विचारार्थ नियमांचे एक पान उघडले. प्रत्येक कलमाखाली ते मान्य असणाऱ्यांनी एका बाजूस व अमान्य असणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूस आपले नाव घालावे, अशी रीत तेथे होती. ज्या पानावर कायद्याचा मसुदा त्याच पानावर मंजुरीच्या सह्या, आणि त्या सह्यांलगत असंमतीच्याही सह्या. मतपत्रिका आणि दस्तऐवज ह्यांतील भेद येथे मावळला, आणि माझ्या मते सामायिक लेखनातील कौलाचा खरा आरंभ येथूनच धरावा.

ह्या कौलाची साधने अगदी तुटपुंजी होती, आणि तरीही त्यांनी पुढील इतिहास घडवला. सही करण्यासाठी चार नागमोडी चिन्हे टंकावयाची, की संगणक त्यांच्या जागी लेखकाचे नाव, दिनांक आणि वेळ उमटवी. ओळीच्या आरंभी तारका घातली तर ठळक टिंब येई, आणि चौकटीसारखे दुसरे एक चिन्ह घातले तर आपोआप क्रमांक पडे. ही दोन चिन्हे क्षुल्लक दिसतात; पण लेख वगळण्याच्या चर्चांत टिंबांची प्रथा रूढ झाली आणि प्रचालकपदाच्या, म्हणजे देखरेखीचे विशेष अधिकार असलेल्या सदस्याच्या पदाच्या, उमेदवारीत क्रमांकांची, आणि जेथे क्रमांक पडले तेथे वाचकाची दृष्टी युक्तिवादावरून शेवटच्या आकड्याकडे अनिवारपणे घसरत गेली.

लेख वगळण्याच्या पानाचे मूळ नाव ‘वगळण्यासाठी मते’ असे होते. कोणी तरी एखादा लेख कोशास अयोग्य ठरवून तेथे दाखल करी, मग येणारे-जाणारे ‘ठेवा’ किंवा ‘वगळा’ असा शब्द ठळक अक्षरांत लिहून सही करीत, आणि मुदत संपली की एखादा प्रचालक निकाल देई. मते मोजायची म्हटल्यावर मतांची पैदास करणारेही आले. एकच मनुष्य अनेक खोट्या नावांनी हजर होऊ लागला, आपला लेख वाचवण्यासाठी लोक बाहेरून मित्रमंडळी गोळा करून आणू लागले, आणि लेख न वाचता आधीच्या सदस्यासारखेच माझे मत, एवढे लिहून मोकळे होणाऱ्यांची संख्या वाढली. २००५ साली त्या पानाच्या नावातील ‘मते’ हा शब्द काढून टाकण्यात आला. बाहेरून आलेल्यांस, हे बहुमताचे मतदान नव्हे, अशी सूचना चौकटीत देण्याची प्रथा पडली; निकाल देणाऱ्याने संख्येपेक्षा कारणांकडे पाहावे, नुकत्याच जन्मलेल्या नावांना कमी वजन द्यावे, हे संकेत दृढ झाले; निकाल अमान्य असणाऱ्यास फेरतपासणीची कैफियत मांडण्याची सोय झाली; आणि २००९ साली मुदतही पाच दिवसांवरून सात दिवसांवर नेण्यात आली. ठळक शब्द मात्र कायम राहिला, कारण त्यावाचून लांबलचक चर्चेत कोण कोठे उभा आहे हे कळत नाही. मत नसलेल्या ह्या मताचा, म्हणजे न-मताचा, उल्लेख तेथील मंडळी ‘मत’ ह्या शब्दाआधी उद्गारचिन्ह जोडून करू लागली, कारण आज्ञावलींच्या भाषेत ते चिन्ह नकारदर्शक आहे.

तरीही मतमोजणीने एखादा तंटा मिटतच नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ह्याचा सर्वांत बोधप्रद दाखला बाल्टिक समुद्राच्या काठच्या एका नगराचा आहे. पोलिश भाषेत त्याचे नाव ग्दान्स्क आणि जर्मन भाषेत डान्झिग. आधी पोलिश सरदारांकडे असलेले हे नगर १३०८ साली ट्यूटॉनिक सरदारसंघाने बळकावले. १४५४ साली नागरिकांनी त्या संघाविरुद्ध उठाव केला आणि १४६६ च्या तहान्वये ते पोलंडच्या राजछत्राखाली आले, तथापि त्याची बहुसंख्य वस्ती जर्मनभाषक आणि त्याचा कारभार पुष्कळसा स्वायत्त राहिला. १७९३ साली प्रशियाने ते घेतले. पहिल्या महायुद्धानंतर ते राष्ट्रसंघाच्या छत्राखालील स्वतंत्र नगर झाले. आणि १९४५ नंतर जर्मन वस्ती घालवून देण्यात येऊन ते पोलंडचे झाले. तापमापकाचा फारेनहाइट, तत्त्वज्ञ शोपेनहाउअर, कादंबरीकार ग्युंटर ग्रास हे सारे तेथे जन्मले, आणि १९८० सालची ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगारचळवळही तेथल्याच गोदीत उभी राहिली. ज्या नगराच्या प्रत्येक दगडावर दोन राष्ट्रांचे दुःख कोरलेले आहे त्याला इंग्रजी विकिपीडियावर कोणत्या नावाने संबोधावे, ह्यावरून दीर्घकाळ खाडाखोड चालली. एकाने लिहावे, दुसऱ्याने पुसावे, तिसऱ्याने पुन्हा लिहावे. अशा खाडाखोडीला आळा घालण्यासाठी, चोवीस तासांत एका पानावर तीनहून अधिक वेळा कोणी उलटवाउलटवी करू नये, हा नियम २००४ साली कौल घेऊनच अमलात आला होता. पण त्याने हात थांबले, मने थांबली नाहीत.

२००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे दोन आठवडे ह्या प्रश्नावर रीतसर कौल घेण्यात आला, आणि त्याची मांडणी ज्याने कोणी योजली त्याच्या विवेकाचे मला कौतुक वाटते. नगराचे नाव काय, असा एकच प्रश्न विचारला असता तर जर्मन आणि पोलिश अशा दोन फौजांची शिरगणती झाली असती, आणि हरलेल्या फौजेने दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड लावले असते. त्याऐवजी नगराच्या इतिहासाचे कालखंड पाडून प्रत्येक कालखंडावर पृथक् मत मागण्यात आले. त्या नगराशी संबंध असलेल्या व्यक्तींच्या चरित्रांत काय लिहावे हे निराळे विचारण्यात आले. आणि इतर लेखांत पहिल्या उल्लेखासमवेत दुसरे नाव द्यावे की नाही हेही स्वतंत्रपणे पुढे ठेवण्यात आले. निकाल असा लागला की १३०८ पूर्वी ग्दान्स्क, १३०८ पासून १९४५ पर्यंत डान्झिग, आणि त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क. उघडपणे जर्मन असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात डान्झिग आधी आणि ग्दान्स्क कंसात, पोलिश व्यक्तीच्या चरित्रात ह्याच्या उलट. त्या निकालाची चौकट नंतर कित्येक वर्षे चर्चापानाच्या माथ्यावर राहिली, आणि निकाल धाब्यावर बसवणाऱ्याची खाडाखोड दुरुस्त करणाऱ्यास तीन वेळांचा नियम लागू होणार नाही असेही त्यात कलम होते. मते मोजली गेली हे खरे, पण यशाचे श्रेय मोजणीपेक्षा प्रश्नाच्या विभागणीला आणि त्यापूर्वी झालेल्या प्रदीर्घ वादाला दिले पाहिजे. कारण त्या वादात कोणत्या शतकाविषयी कोणाचे म्हणणे सबळ आहे हे प्रतिपक्षालाही पुरते कळून चुकले होते.

ह्याच्या उलट, दह्यासाठी इंग्रजीत असलेल्या शब्दात ‘एच’ हे अक्षर असावे की नसावे, हा तंटा वारंवार प्रस्ताव येऊन आणि वारंवार मते पडूनही वर्षानुवर्षे चालत राहिला. २००२ साली ते पान ज्या रूपाने निघाले होते ते पुढील वर्षी बदलण्यात आले आणि २०११ च्या अखेरीस पुन्हा बहाल झाले. तेथे पाडण्यासारखे तुकडेच नव्हते. अक्षर असणार किंवा नसणार.

व्यक्तींची निवड मात्र ह्या सर्वांहून भिन्न गोष्ट आहे, आणि ती भिन्न असल्याचे त्या समाजास उशिरा उमगले. तंटे सोडवणाऱ्या लवाद-मंडळाच्या निवडणुकीत काही वर्षे उघड सह्यांनी मते पडत, त्यामुळे आज ज्याच्याविरुद्ध लिहिले तोच उद्या आपल्या प्रकरणाचा न्यायाधीश होण्याचा धोका प्रत्येक मतदारापुढे असे. २००९ पासून तेथे ‘सिक्युअरपोल’ ह्या आज्ञावलीने गुप्त मतदान होऊ लागले. प्रचालकपदाची उमेदवारी मात्र दीर्घकाळ उघड सह्यांची व क्रमांकांचीच राहिली, आणि २०१५ च्या अखेरीपासून अनुकूल मते ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान पडल्यास निर्णय प्रचालकपद देणाऱ्या स्वीकृती अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोडण्यात येऊ लागला. मजकुराविषयी कौल उघड आणि सकारण असावा, मनुष्याविषयी गुप्त असावा, हा भेद मला सर्वस्वी युक्त वाटतो. विधानाला अब्रू नसते, मनुष्याला असते.

विकिपीडियाबाहेरही ही साधने पसरली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे २०१२ साली ‘लूमिओ’ ही व्यवस्था उभी राहिली, तीत सभासदास संमती, तटस्थता, असंमती आणि अडसर अशा चार भूमिका उपलब्ध असून प्रत्येकीसमवेत कारण लिहिण्यास जागा आहे. ह्याच्या तुलनेत कचेऱ्यांतील सामायिक दस्तऐवजांत जे घडत आहे ते मला चिंताजनक वाटते. गूगल डॉक्समध्ये २०२२ पासून मजकुरावर बोधचित्राने प्रतिक्रिया देता येऊ लागली. मसुद्यावर पाच-सहा उंचावलेले अंगठे दिसले की तो मंजूर समजण्याची सवय जडते, आणि ज्याला शंका आहे तो गप्प राहतो, कारण शंका लिहिण्यास वेळ लागतो आणि अंगठ्यास लागत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या पहिल्या पिढीने सार्वजनिक चर्चेच्या पानाला चावडी म्हटले आणि मतनोंदणीच्या पानाला कौल. ह्या पद्धतीचे मूळ आपल्या गोतसभेत आहे असे सांगण्याचा मोह अनेकांस होईल, परंतु तो अनैतिहासिक ठरेल. परंपरा अमेरिकेतून आली आणि नावे आपण दिली. तथापि जुन्या महजरांचे, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांचे, स्मरण येथे अप्रस्तुत नाही. वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, पुरावा तपासला जाई, आणि निवाड्याच्या कागदावर हाजीर मजालसीची नावे नोंदून पाटलाच्या नांगराची व बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांची निशाणी उमटे. अनुकूल किती आणि प्रतिकूल किती ह्या आकड्यावर त्या कागदाची मातबरी अवलंबून नसे. कोणासमक्ष, कोणत्या आधारावर ठरले ह्यावर असे. मोठा भेद असा की महजर जिंकलेल्या घराण्याच्या दप्तरात राही, आणि विकिपीडियाच्या पानाचा इतिहास हरलेल्यालाही तितकाच खुला असतो. त्याचा युक्तिवाद, त्याच्या सहीसकट, पुढच्या पिढीला वाचता येतो, आणि तो पुन्हा मांडण्याचा हक्क तिला राहतो.

मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांचा समाज लहान आहे, आणि लहान समाजात कौलाला जे येतात त्यांच्यापेक्षा जे येत नाहीत त्यांच्यामुळे निर्णय अधिक वाकतो. एखाद्या गावाच्या नावाचे लेखन कसे असावे, एखादा लेख ठेवावा की वगळावा, कोणास प्रचालक करावे, असे प्रश्न तेथे येतात आणि मोजक्या सह्यांवर त्यांचा निकाल लागतो. तो निकाल मग मराठी शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे प्रमाण म्हणून उभा राहतो. ज्या वाचकाला आपल्या भाषेच्या कोशाविषयी आस्था आहे त्याने चावडीवर जावे, चालू असलेले कौल वाचावेत, अनुकूल किंवा प्रतिकूल एवढ्यावर न थांबता आपले कारण दोन ओळींत का होईना लिहावे, आणि खाली चार नागमोडी चिन्हे घालून सही करावी.